ज्वारीचं कोमट पीठ

दगडात दाणा असताना गिरणीचा खटका खाली ओढायचा नाही, हे वडलांनी, अप्पांनी, कृष्णातला लहानपणी कानफाडात मारून शिकवलं होतं. मोटर मध्येच बंद केली की दगड दाणा धरून बसतात. मग ते उचलून साफ करण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून त्या सकाळी अप्पा स्वतः पळत आत आले आणि वरची पेटी ज्वारीनं भरलेली असताना त्यांनी खटका ओढला, तेव्हाच कृष्णातला कळलं. पट्टा हळू होत होत थांबला. अप्पांच्या हातात मोबाइल होता.

"कोण?" कृष्णातनं विचारलं. बाळ की स्नेहल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"पोरगी बरी हाय," अप्पा म्हणाले.

आदल्या रात्री त्याची बायको स्नेहल दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. पहाटे तिनंच त्याला घालवलं, "बायकांचं डबं पडल्यात. दळून ये जा. मी कुठं पळून चालली न्हाय." मागाहून रक्त जायला लागलं. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. रक्त थांबलं नाही. फोन कितीदा वाजला असेल, पण चालू गिरणीत फोन ऐकू येत नाही.

फेब्रुवारी होता. बारसं कुणी केलं नाही. अवनी हे नाव स्नेहलनं आधीच ठरवून ठेवलेलं, तेच राहिलं. कसबा बावड्यात पुढं गिरणी आणि मागं घर. कृष्णातची थोरली बहीण आक्का पलीकडच्या गल्लीत दिलेली होती. ती सकाळी यायची आणि बाळाला तेल लावून, अंघोळ घालून, दूध पाजून जायची, पुन्हा संध्याकाळी यायची. मधल्या वेळेला अप्पा आणि कृष्णात आळीपाळीनं पाळण्यापाशी बसायचे. कृष्णात पोरीला छातीवर घेऊन झोपायचा. ती रात्रीची रडली की तिच्या पाठीवरनं अंगठा फिरवायचा. ती गप्प व्हायची. त्या दिवसांत त्याला जमलेलं काम ते तेवढंच.

मग मार्च लागला आणि चटणीच्या बायका आल्या. गिरणीच्या बाजूच्या खोलीत मिरची कुटायचा डंक होता. वर्षाची चटणी करायची म्हणून बायका वाळवलेल्या मिरच्या, भाजलेला मसाला घेऊन रांग लावतात. कृष्णात सकाळपासून डंकावर उभा राहायला लागला. त्याला बरंच वाटायचं. तिखटानं डोळ्यांतनं पाणी आलं तर कुणी काही विचारत नाही.

एका दुपारी आक्का मागं कपडे वाळत घालत होती. अवनी रडायला लागली. कृष्णातनं साबणानं हात धुतले, परत धुतले, ताक चोळलं, पंच्याला पुसले. पोरीला उचललं आणि सवयीनं अंगठ्यानं तिचे डोळे पुसले.

ती जी किंचाळली ते ऐकून रांगेतल्या बायका डबे टाकून आत आल्या. तिखट नखांत राहतं, चामडीच्या भेगांत राहतं, हे रोज डंकावर उभ्या राहणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. गाल लाल झाला, पापणी सुजली. डॉक्टरनं डोळा धुतला आणि सांगितलं, डोळ्याला काही झालेलं नाही, दोन दिवसांत उतरेल. उतरलंही.

पण कृष्णात त्या दिवसापासून पोरीला हात लावेना. आक्का म्हणाली, "धर की रं जरा, मी चूल बगतो." तर हा हात मागं बांधून उभा. आक्कानंही मग धसका घेतला. घरात तिखटाची धूळ असते, ती पोरीच्या हाताला लागेल, हात डोळ्यात जाईल. तिनं कापडी हातमोजे आणले आणि ते अवनीच्या हातांतनं निघालेच नाहीत. मळले की दुसरे चढायचे. जमिनीवर ठेवायचं नाही, कारण जमिनीवर धूळ. अंगणात न्यायचं नाही, कारण गिरणीचा वारा. उन्हाळा गेला, डंक बंद झाला, पाऊस झाला, गणपती झाले, पोरगी पाळण्यातच. आक्का तेल लावायची तेवढाच काय तो माणसाचा हात, आणि तोही घाईचा, कारण तिच्या घरी तिची स्वतःची चार माणसं जेवायची थांबलेली.

सगळे काळजीनंच वागत होते. ही चूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दिवाळीत मुरगूडहून शालूबाई आल्या. स्नेहलची आई. त्यांनी आल्या आल्या नातीला पाळण्यातनं काढलं, हातमोजे ओढून काढले आणि जमिनीवर सतरंजीवर बसवलं. अवनी पोत्यासारखी एका बाजूला कलंडली. हात टेकून सावरेल म्हणाल तर हाताच्या मुठी गच्च. सतरंजीचा खरखरीत दोरा मनगटाला लागला तसा तिनं आकांत मांडला.

शालूबाईंनी तिला उचललं आणि जावयाकडं बघितलं. रागानं नाही. तेच कृष्णातला जास्त लागलं.

"पावणं, हिच्या वयाची पोरं घरभर रांगत्यात. माझी स्नेहल ह्या वयात चुलीतली राख खायची. हिला झालंय काय?"

कृष्णातनं हात पाठीमागं नेले.

"मी नेतो हिला मुरगूडला."

"मामी, असं नगा करू."

"मग तुमी काय करताय ते तर सांगा. तुमी लेकराला हात लावत न्हाय म्हणं. आक्का सांगत हुती."

आक्का चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही.

"संक्रांतीला बोरन्हाण करूया," शालूबाई म्हणाल्या. "तवर थांबतो. पोरगी बसाय लागली, हात उघडाय लागली, तर राहू दे तुमच्यापाशी. न्हायतर विश्वजित गाडी घेऊन येतोय. मग अडवायचं न्हाय."

विश्वजित म्हणजे स्नेहलचा भाऊ. कृष्णातनं मान हलवली. ज्या बापाला पोरीला उचलता येत नाही, तो अडवणार तरी कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या आठवड्यात तो आक्काला घेऊन शहरात लहान मुलांच्या तपासणीला गेला. तिथं मोना मॅडम होत्या. वयानं तरुण, पण हात सावकाश चालणारा. त्यांनी अवनीचे डोळे बघितले, कान बघितले, पायाच्या तळव्याला पेन्सिल लावून बघितली. मग विचारलं, "दिवसभर ही कुठं असते?"

"पाळण्यात," आक्का म्हणाली.

"हातमोजे कायम?"

आक्कानं तिखटाची सगळी कथा सांगितली. मॅडमनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मला हिच्यात काही दोष दिसत नाही. पण लहान मूल हातानं शिकतं. गार काय, गरम काय, खरखरीत काय, मऊ काय. हात लागला की धरावंसं वाटतं, धरायला गेलं की पाठ ताठ होते, बसता येतं. हिच्या हाताला कापडाशिवाय काही लागलेलंच नाही. त्यामुळं आता काहीही लागलं तरी तिला भीती वाटते."

"मग खेळणी कुठली घ्यायची?" कृष्णातनं विचारलं.

"तुम्ही काय करता?"

"गिरणी हाय."

मॅडम हसल्या. "मग घ्यायचं कशाला? धान्य आहे, पीठ आहे. कोरडं आधी, ओलं नंतर. जबरदस्ती नाही. ती मागं सरकली की थांबायचं. तोंडात दाणा जाणार नाही तेवढं बघायचं. आणि तुम्ही स्वतः धरायचं हिला. उघड्या हातानं."

कृष्णातनं हात टेबलाखाली घेतले. "माझ्या हातात तिखट हाय, मॅडम."

"शेवटचं तिखट कधी कुटलंत?"

त्याला आठवायला वेळ लागला. पावसाच्या आधी.

त्या दिवसापासून त्यानं एक पद्धत ठेवली. सकाळी साबणानं हात धुवायचे आणि उजव्या हाताचा अंगठा आपल्याच डोळ्याच्या कोपऱ्यात फिरवायचा. झोंबलं नाही तरच पोरीकडं जायचं. एकदा अप्पांनी बघितलं.

"काय रं, रडतोयस का काय?"

"तिखट बगतोय."

"हाय?"

"न्हाय."

"मग जा की तिच्याकडं! डोळं फोडून घेशील आन आंधळा बाप पोरीच्या गळ्यात पडंल."

त्यानं अवनीला उचललं. इतक्या महिन्यांनी. ती जड झाली होती, त्याला माहीतच नव्हतं किती. तिनं त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघतात तसं बघितलं आणि रडायला लागली. त्यानं खाली ठेवलं नाही.

दुपारी दळण संपलं की तो परातीत ज्वारी घ्यायचा आणि तिला मांडीवर घेऊन बसायचा. तिची मूठ दाण्यांवर टेकवली की ती अंग ताठ करून मागं रेलायची. तो थांबायचा. दुसऱ्या दिवशी गहू. तोच प्रकार. तांदळाला तर ती परातीकडं बघूनच ओठ काढायला लागली. परात दिसली की रडणं. आक्का वैतागली.

"नगं छळूस लेकराला! त्या बाईला काय जातंय सांगायला?"

"मग देऊ काय मुरगूडला?"

आक्का पदरानं नाक पुसून अंघोळीचं पाणी तापवायला गेली.

मार्गशीर्ष लागला. थंडी वाढली. एका सकाळी आक्काला यायला उशीर झाला, अप्पा दुधाला गेलेले, आणि गिरणीत झुंबरबाई ज्वारीचा डबा घेऊन हजर. या म्हातारीला बावड्यात सगळे वचकून असत. कृष्णातनं पोरीला डाव्या हातावर घेतलं, पट्ट्यापासनं लांब राहून दळण सुरू केलं. मोटरच्या आवाजाला ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. जमिनीची थरथर त्याच्या पायातनं वर चढत होती, ती तिच्याही अंगात गेली असणार. तिनं मान त्याच्या खांद्यावर टाकली.

गिरणीवाला पीठ डोळ्यांनी बघत नाही. पीठ जिथनं पडतं त्या कापडी बाहीखाली तळहात धरतो, पीठ झेलतो आणि अंगठ्यानं बोटावर चोळतो. जाड आहे की बारीक, ते अंगठा सांगतो. कृष्णातनं सवयीनं हात पुढं केला. पीठ झेललं. दगडातनं नुकतं आलेलं ज्वारीचं पीठ कोमट असतं. तो चोळायला वळला आणि त्याच वेळी अवनीची मूठ खाली घसरून त्याच्या तळहातावर पडली. पिठात.

तो हललाच नाही.

तिनं मूठ काढून घेतली नाही. थंडीत तिला ते ऊबदार लागलं असेल. तिनं मान उचलून बघितलं. मूठ तिथंच. मग करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. पीठ बोटांच्या फटींत शिरलं तशी ती दचकली, पण हात राहिला. सगळी बोटं सुटली आणि तिचा चिमुकला तळवा त्याच्या तळव्यावर सपाट पडला. मध्ये पीठ. आणि मग तिनं बोटं आवळली, पीठ पिळलं, परत उघडली.

"अरं ए, माझं पीठ हाय ते!" झुंबरबाई ओरडली. "सगळं भुईला सांडाय लागलंय, ध्यान कुठं हाय तुझं?"

कृष्णातच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. बाही तशीच वाहत होती, पिठाचा ढीग डब्याबाहेर पडत होता.

झुंबरबाई पुढं आली. तिनं पोरीचा हात बघितला. या पोरीच्या मुठीची गोष्ट बावड्यात कुणाला माहीत नव्हती? म्हातारीनं आपला डबा पायानं बाहीखाली सरकवला आणि म्हणाली, "असू दे, असू दे. खेळू दे तिला. माझ्या म्हाताऱ्याला एक भाकरी कमी घालतो. तसाबी लई सुटलाय."

त्यानंतर रोज सकाळी अवनी गिरणीत. थंड पिठाला ती हात लावायची नाही, कोमटच पाहिजे. म्हणून कृष्णात प्रत्येक दळणाचं पहिलं पीठ हातावर घ्यायचा. ज्वारी मऊ, ती तिच्या आवडीची. तांदळाचं पीठ बोटांत करकरतं, त्याला ती कपाळाला आठ्या घालायची. नाचणीचं पीठ तिनं एकदा तोंडाला फासलं आणि अप्पांनी तिला आरसा दाखवला, तर आरशालाही फासलं. झुंबरबाईनं गल्लीत सांगून टाकलं की पोरीचा हात लागलेल्या पिठाची भाकरी टम्म फुगते. झालं. बायका डबा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी तिला हात लावू दे, मग घालतो डबा."

"लाईनीत या गं," अप्पा ओरडायचे. "आमची अवनीसाहेब एकटी हाय, हात दोनच हायत!"

कोमट पिठावरनं ती गार पिठावर आली. पिठावरनं रव्यावर, रव्यावरनं दाण्यांवर. एक दिवस तिनं परातीतल्या गव्हात मनगटापर्यंत हात घातले आणि तसेच ठेवून शांत बसली. कुणी धरलेलं नव्हतं. ती बसली होती, आपल्याच हातांवर भार टाकून. आक्का दारात आली, बघितलं, आणि हातातली तेलाची वाटी तशीच खाली ठेवून तिनं तोंडावर पदर धरला.

"आक्का, रडू नगंस. ती भील," कृष्णात म्हणाला.

"मी कुठं रडतोय! तूच रडतोयस."

दोघंही रडत होती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बोरन्हाण ठरलं. आक्कानं काळं झबलं शिवलं, त्यावर पांढऱ्या खडीची नक्षी काढली. हलव्याचे दागिने झुंबरबाईनं आणले. दुपारी गल्लीत गाडी आली. विश्वजितनं ती दारापाशी लावली, पण इंजिन बंद केलं नाही आणि खालीही उतरला नाही. शालूबाई आत आल्या. त्यांच्या हातात पोरीसाठी विणलेला नवा स्वेटर होता. प्रवासात थंडी वाजू नये म्हणून.

पाट मांडला. आता पाटावर पोरीला घेऊन बसायचं कोणी, यावर बायकांची कुजबुज सुरू झाली. आई बसते. आई नाही तर आत्या बसते. आक्का पुढं झाली, तेवढ्यात कृष्णात पाटावर मांडी घालून बसला.

"आता बापय माणूस बसतंय व्हय बोरन्हाणाला?" कुणीतरी म्हणालं.

"बसू दे की," झुंबरबाई म्हणाली. "चिरमुरं त्याच्या टकलावर पडलं तर तेवढंच केस उगवतील."

हशा पिकला. कृष्णातनं अवनीला समोर बसवलं. दोन्ही हातांनी तिच्या बरगड्यांना धरलं. उघड्या हातांनी. शालूबाईंनी ते बघितलं. मापट्यात चिरमुरे, बोरं, उसाचे बारीक तुकडे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या भरलेल्या. आजीचा मान म्हणून मापटं त्यांच्याच हातात दिलं.

त्यांनी मापटं ओतलं.

सगळं एकदम कोसळलं. डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर. हलकं, जड, खरखरीत, गार, सगळं मिळून. अवनीचं अंग ताठ झालं. दोन्ही मुठी मिटल्या. ओठ बाहेर आला. खोलीत कुणी श्वास घेईना. शालूबाईंनी मापटं खाली ठेवलं आणि पोरीला उचलायला दोन्ही हात पुढं केले.

"थांबा मामी," कृष्णात म्हणाला. "जरा थांबा."

त्यानं एक हात तिच्या पोटावर ठेवला आणि दुसरा समोरच्या चिरमुऱ्यांच्या ढिगात घातला. काही केलं नाही. नुसता ठेवला. अवनीनं त्याच्या हाताकडं बघितलं. झबल्याला चिकटलेल्या चिरमुऱ्याकडं बघितलं. एक मूठ सुटली. तिनं तो चिरमुरा काढायचा प्रयत्न केला, तो पडला. ती वाकली. दोन्ही हात ढिगावर टेकले, सगळी बोटं फाकलेली. मग तिनं हात उचलले आणि धाडकन आपटले. चिरमुरे उडाले. ती थबकली. परत आपटले. परत. आणि हसली, खिदळून, सगळं अंग हलवून, पडणाऱ्या चिरमुऱ्यांकडं बघत.

बायकांनी जो गलका केला तो पार साखर कारखान्यापर्यंत गेला असेल. पोरंटोरं बोरं लुटायला घुसली. त्या धुमाकुळात अवनीनं एक बोर धरलं, नीट, अंगठा आणि बोट लावून, आणि समोर पसरलेल्या आजीच्या हातात ठेवलं. कृष्णातनं श्वास सोडला, कारण ते तोंडात जाईल याचीच त्याला भीती होती.

शालूबाई खालीच बसल्या. हातातलं बोर त्यांनी पदराच्या टोकाला बांधलं.

"स्नेहल असंच आपटायची," त्या म्हणाल्या. "परात वाजवून वाजवून घर डोक्यावर घ्यायची." मग दाराकडं बघून ओरडल्या, "विश्वजित, बंद कर की ती गाडी! डिझेल काय फुकट येतंय? जेवायला ये!"

आक्का मोठ्यानं हसली. अप्पा पाठ फिरवून उगाच खुंटीवरचा सदरा झटकायला लागले.

जेवणं झाल्यावर शालूबाईंनी स्वेटर अवनीच्या अंगात घातला आणि कृष्णातला म्हणाल्या, "राहू दे हितंच. पर मिरचीच्या हंगामात मी नेणार."

"मामी, डंक काढून टाकतोय मी."

"काढू नगा. बायका चटणी कुठं कुटतील? तुमी डंक चालवा, मी पोरगी सांभाळतो. हंगाम संपला की हात धुवा, डोळं चोळून बगा, आन मग न्यायला या." त्यांना डोळ्यांचं कुणी सांगितलं कुणास ठाऊक. आक्कानंच सांगितलं असणार.

कृष्णातनं वाकून त्यांच्या पाया पडायला हात पुढं केले, तर त्यांनी ते हात मध्येच धरले आणि आपल्या दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबले.

आता अवनी गिरणीभर रांगते. गोणपाट, वीट, पत्रा, बायकांच्या पायांतली जोडवी, जे दिसेल त्याला हात लावते. म्हशीच्या नाकाला हात लावून झाला, अप्पांच्या दाढीला लावून झाला. रात्री झोपताना बापाचा अंगठा मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. मोना मॅडमनी तिला बघून सांगितलं की आता दोन महिन्यांनी आणलं तरी चालेल.

ओलं, चिकट मात्र ती अजून हातात घेत नाही. भाताचं शीत बोटाला चिकटलं की रडते. ते राहिलंय.